एक म्हणताना

आज एकाच शब्दापाशी बसायचं आहे. तो शब्द आहे ‘एक’. मांडी घालून बसा, खुर्चीत बसा, भिंतीला पाठ टेकली तरी चालेल. मोबाइल दुसऱ्या खोलीत राहू द्या. श्वास जसा चालला आहे तसा चालू द्या, त्याला वळण लावू नका.

आता मनातल्या मनात म्हणा: देव एक आहे. म्हणून झालं की लगेच पुढे सरकू नका. पुन्हा म्हणा, आणखी सावकाश. हे वाक्य तुमच्यापर्यंत कुणाकडून आलं ते आठवा. आजीकडून, कीर्तनातून, शाळेच्या प्रार्थनेतून, रविवारच्या उपदेशातून? ज्यानं ते सांगितलं त्याच्या आवाजात धाक होता की माया होती? थोडा वेळ त्या आवाजापाशीच थांबा.

मी हे मेहकरात बसून लिहितो आहे. इथे ‘देव एक’ हे वाक्य कुणालाच परकं नाही. शारंगधर बालाजीचं दर्शन घेऊन निघालेला माणूस ते म्हणतो, मशिदीतून बाहेर पडलेला म्हणतो, आणि आमच्यासारखी मोजकी ख्रिस्ती घरं आहेत तीही म्हणतात. शब्दावर भांडण नाहीच. पण ‘एक’ म्हणताना प्रत्येकाच्या मुठीत काहीतरी जपलेलं असतं, आणि ते सांडेल या भीतीनं मूठ आवळली जाते. तुमच्या मुठीत काय आहे? उत्तर आत्ताच नको. प्रश्न तेवढा जवळ ठेवा.

ख्रिस्ती मंडळीतला या प्रश्नावरचा वाद फार जुना आहे. येशू यहुदी होता. सर्वांत मोठी आज्ञा कोणती, असं विचारल्यावर त्यानं आपल्या पूर्वजांची घोषणाच पुढे केली: परमेश्वर एकच आहे, त्याच्यावर सगळ्या जिवानं प्रेम करायचं. मार्काच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात तो प्रसंग आहे. आणि त्याच येशूकडे हात जोडून त्याचे शिष्य थोड्याच वर्षांत प्रार्थना करू लागले. देव एक, हे तर त्यांच्या रक्तात होतं. आणि गुडघे मात्र येशूपुढे टेकले जात होते. आधी गुडघे टेकले गेले, सिद्धांत मागाहून आला. मननाला बसणाऱ्यानं हा क्रम विसरू नये असं मला फार वाटतं. वाद पुस्तकात जन्मला नाही. प्रार्थना करणाऱ्या माणसांना आपण नेमकं कुणाला हाक मारतो आहोत हे कळेना, तिथे तो जन्मला.

तिसऱ्या शतकाच्या आरंभाच्या सुमारास प्राक्सेयस नावाच्या शिक्षकानं सोपा मार्ग काढला. पिता, पुत्र आणि आत्मा ही एकाच देवाची रूपं. जो पिता तोच पुत्र होऊन आला. कार्थेजच्या तर्तुल्यानानं त्याच्याविरुद्ध ग्रंथ लिहिला. पिता आणि पुत्र तोच असेल, तर क्रुसावर पित्यालाच खिळलं असं होईल, हा त्याचा आक्षेप. मग वेगळे म्हणायचे तर दोन देव का नाहीत? उत्तरादाखल तर्तुल्यानानं झरा आणि नदी पुढे केली.

मेहकरच्या माणसाला हे समजायला वेळ लागत नाही. आपली पैनगंगा बुलढाण्याच्या डोंगरात उगम पावते आणि मेहकरवरून पुढे जाते. उगमाचं कुंड पाहिलेल्या माणसाला आणि पुलावर उभ्या असलेल्याला वेगवेगळं दिसतं, पण पाणी तेच. क्षणभर ते पाणी डोळ्यांपुढे आणा. आता ही उपमा थोडी ताणून पाहा. उगम नदीशी बोलत नाही. नदी उगमाकडे तोंड करून रडत नाही. शुभवर्तमानातला येशू मात्र पहाटे उठून एकांतात जातो आणि पित्याशी बोलतो; गेथशेमाने बागेत तर घाम गाळून बोलतो. उपमा इथपर्यंत आणते आणि सोडून देते. तिला जाऊ द्या. दुसरी शोधू नका.

चौथ्या शतकात अलेक्झांड्रियाचा आरियस उलट्या बाजूनं निघाला. देव एकच, अनादी. पुत्र कितीही थोर असला तरी निर्माण केलेला, म्हणून पित्याहून खालचा. आरियसला पाखंडी म्हणून हातावेगळं करणं सोपं आहे, पण मननात ते करू नका. त्याच्या मुठीत देवाचं एकपण होतं. देवाच्या बरोबरीला दुसरा कुणी बसवला जाऊ नये म्हणून तो झगडला. अथनासियसच्या मुठीत दुसरी गोष्ट होती: आपल्याकडे जो आला, जो आपल्यासाठी मेला, तो देवच नसेल तर देव आपल्याकडे आलाच नाही, त्यानं कुणाला तरी पाठवलं आणि स्वतः दूर राहिला. ३२५ साली नायसियाच्या परिषदेनं पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे असं ठरवलं, ३८१ साली कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेनं पवित्र आत्म्याविषयीचं कलम विस्तारलं. मधल्या वर्षांत अथनासियसला पाच वेळा हद्दपार व्हावं लागलं. एवढा इतिहास पुरे.

आता दोन्ही मुठी एकेक करून उघडा. आधी आरियसची. देवासारखं काहीही नाही, कुणीही नाही. या जाणिवेत जो दरारा आहे तो अंगावर येऊ द्या. मग अथनासियसची. हा असा देव स्वतः येऊन आपल्याशेजारी बसला. इथे आधी काय होतं? मला तरी आधी विश्वास बसत नाही. मग डोळे भरून येतात.

हे प्रश्न परदेशातले, आपल्याला त्यांचं काय, असं मनात आलं तर चक्रधरस्वामी आठवा. तेराव्या शतकात ते याच भागात हिंडले; लीळाचरित्रात मेहकर आहे, लोणार आहे. परमेश्वर एकच, देवता अनेक असतील पण मोक्ष त्या देऊ शकत नाहीत, म्हणून भक्ती अनन्य हवी, ही त्यांची शिकवण. आणि तो एकमेव परमेश्वर माणसाच्या देहात येतो, चालतो, जेवतो, भक्तांची विचारपूस करतो, हीही त्यांचीच शिकवण. म्हणजे देवाचं एकपण आणि देवाचं येणं या दोन गोष्टी आपल्या मराठीनं आपल्या आदिग्रंथांतच एकत्र धरल्या आहेत. हीच पैनगंगा पुढे माहूरच्या बाजूनं जाते. माहूरचे दत्तात्रेय बहुतेकांच्या मनात तीन मुखांचे आहेत. चक्रधरस्वामींचे अनुयायी महानुभाव त्याच दत्तात्रेयांना एकमुखी मानतात, पंचकृष्णांतला एक अवतार म्हणून. एकाच गडावर दोन भक्त, एकाला तीन मुखं दिसतात, दुसऱ्याला एक. ख्रिस्ती त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि आत्मा मिळून एकच देव ही श्रद्धा, आणि दत्तात्रेयांवरची ही श्रद्धा एकच, असं मी म्हणत नाही. तसं म्हणणं दोघांवरही अन्याय होईल. मात्र हा प्रश्न आपल्या घरचाही आहे.

आणि आपल्या घरातूनच तो इंग्लंडला गेला. पंडिता रमाबाईंना डोळ्यांपुढे आणा. घाई करू नका, त्यांना नीट येऊ द्या. १८५८ चा जन्म. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून पत्नीला संस्कृत शिकवलं, आणि आईनं मुलीला. तीर्थामागून तीर्थ पायी हिंडत, पुराणं सांगत, हजारो श्लोक मुखोद्गत करत ही मुलगी वाढली. दुष्काळात आईवडील गेले. मग भाऊ गेला. लग्नाला दोन वर्षं होण्याआधी पती बिपिनबिहारी गेले. पुण्यात आर्य महिला समाज स्थापन करून त्या १८८३ साली इंग्लंडला पोहोचल्या, आणि वाँटेजच्या मठातल्या भगिनींकडे राहत असताना २९ सप्टेंबरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. वय पंचवीस, जवळ दोन वर्षांची मनोरमा. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत तिथेच वारल्या होत्या.

बाप्तिस्मा झाला, पण प्रश्न संपले नाहीत. पुढे त्या चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात शिकायला आणि संस्कृत शिकवायला राहिल्या, आणि १८८५ च्या सुमारास त्यांची पत्रं धडाडू लागली. देव एक आहे हे त्यांना ठाम ठाऊक होतं. ख्रिस्तावर त्यांचं प्रेम होतं, त्याच्या मागे जायचं त्यांनी ठरवलं होतं. पण त्रैक्याचा सिद्धांत चर्च ज्या शब्दांत सांगतं तसा बायबलात त्यांना दिसेना. अथनासियसच्या नावानं चालत आलेला मतांगीकार, म्हणजे श्रद्धेची ठरीव कबुली, जो न मानणाऱ्याला नाशाचा धाक घालतो, तो त्यांच्या घशाखाली उतरेना. मनोरमेला काय शिकवायचं यावरूनही वाँटेजच्या भगिनी जेराल्डीन यांच्याशी वाजलं. जेराल्डीन त्यांच्या धर्ममाता. त्यांना हा अहंकार वाटला: कालची शिष्या, आणि चर्चनं शतकानुशतकं जपलेलं सत्य चाळणीत घालून निवडते! रमाबाईंनी उत्तरादाखल जे लिहिलं त्याचा आशय असा: मोठ्या कष्टानं मी आपल्याकडच्या पुरोहितांचं जू मानेवरून उतरवलं आहे, आता तसंच दुसरं मानेवर घेणार नाही. मला सदसद्विवेक आहे, बुद्धी आहे, ती देवानंच दिली आहे.

इथे थांबा. बराच वेळ थांबा. कारण या मननाचं मर्म इथे आहे असं मला वाटतं.

आधी रमाबाईंच्या जागी बसा. परका देश, परकी थंडी, मांडीवर पोर, खर्च दुसऱ्यांच्या हातात. ज्यांच्या छपराखाली आहोत त्यांनाच नाही म्हणायचं, तेही देवाच्या नावानं. ‘हो’ म्हटलं असतं तर सगळं सोपं झालं असतं. त्यांनी म्हटलं नाही, कारण देवाबद्दल खोटं बोलणं त्यांना देवाशी खोटं बोलण्यासारखं होतं. जे मला दिसलं नाही ते दिसलं असं देवासमोर कसं म्हणू? तुम्ही कधी प्रार्थनेत मनात नसलेला शब्द उच्चारला आहे का? तो आठवा. स्वतःला दोष देऊ नका, नुसता आठवा.

मग जेराल्डीन यांच्या जागी बसा. हे जास्त कठीण आहे. त्यांच्याविषयी मराठी वाचकाच्या मनात सहसा राग असतो, आणि त्यांच्या पत्रांतला अधिकाराचा सूर आजही बोचतो. त्या चुकल्या असं माझंही मत आहे. पण त्यांना जे भय होतं ते प्रेमातून आलेलं होतं. येशू देव आहे हे सुटलं, तर या मुलीला क्रुसावर फक्त एक सज्जन माणूस दिसेल, आणि तिच्या दुःखात तिला धरायला देव उरणार नाही, असं त्यांना वाटत होतं. एवढ्या भरून गेलेल्या मनानं हातात हुकूम घेऊन का यावं, याचं मला अजून वाईट वाटतं.

आणि तिसरी एक जागा आहे, कॉलेजच्या प्रमुख डॉरोथिया बील यांची. त्यांनी रमाबाईंशी वाद घातला, बरोबरीच्या नात्यानं घातला. प्रश्नाला प्रश्नानं भिडल्या, आणि या बाईंना वेळ द्यायला हवा, त्यांचं मन तत्त्वज्ञानात मुरलेलं आहे, हे ओळखलं. भारतातून नीळकंठशास्त्री गोरे यांचीही पत्रं येत होती. ते काशीचे चित्पावन पंडित, १८४८ साली ख्रिस्ती झालेले. रमाबाईंना चर्चच्या श्रद्धेकडे वळवण्यासाठी त्यांनी जीव ओतून लिहिलं, आणि स्वतः मात्र आयुष्यभर शंकांनी पोळत राहिले. मला गोरेशास्त्री फार जवळचे वाटतात. ज्याच्या आत शंका जळते आहे त्यानं दुसरीला श्रद्धा समजावून सांगावी, यात मला कुठेही ढोंग दिसत नाही. आपल्याला ज्याची तहान आहे तेच तो दुसऱ्याला देऊ पाहत होता.

पुढचं थोडक्यात. १८८६ साली रमाबाई अमेरिकेला गेल्या. त्यांच्या विधवागृहासाठी १८८७ साली बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन उभी राहिली. तिचे अध्यक्ष एडवर्ड एव्हरेट हेल हे युनिटेरियन, म्हणजे देवाचं निखळ एकपण मानून त्रैक्य नाकारणाऱ्या पंथाचे पाळक. आणि उपाध्यक्षांत फिलिप्स ब्रुक्स, जे त्याच शहरातल्या ट्रिनिटी चर्चचे मुख्य पाळक. सिद्धांतात दोन टोकांचे हे दोघे हिंदुस्थानातल्या विधवांसाठी एका कागदावर आले. ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन उघडलं. नंतर केडगावचं मुक्ती मिशन झालं, दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली तिथे वाढल्या. आपल्या वऱ्हाडात काम केलेल्या जेनी फुलर यांनी हिंदी स्त्रियांच्या दुःखांवर १९०० साली पुस्तक काढलं, त्याला प्रस्तावना रमाबाईंचीच. १९०५ साली मुक्तीत पवित्र आत्म्याची मोठी जागृती झाली. तोवर रमाबाई त्रैक्य मानू लागल्या होत्या. पिता, पुत्र, आत्मा या हाका त्यांच्या तोंडी सहज आल्या होत्या.

म्हणून काहीजण म्हणतात, पाहा, शेवटी त्या योग्य वाटेवर आल्या. मला हे बोलणं पटत नाही. १८८५ चं ‘नाही’ आणि १९०५ चं ‘हो’ एकाच भक्तीतून आलं. चेल्टनहॅममध्ये दडपणाखाली ‘हो’ म्हणालेली रमाबाई मुक्तीतल्या रमाबाईपर्यंत पोहोचली असती असं मला वाटत नाही. तुमच्या श्रद्धेतल्या एखाद्या ‘नाही’कडे आता पाहा. ते दुखऱ्या रागातून आलं आहे की खरं बोलण्याच्या आग्रहातून? कदाचित दोन्हींतून. दोन्ही असू द्या.

आता यार्देन नदीवर चला. डोळे मिटलेले असतील तर मिटलेलेच राहू द्या. पाणी गढूळ आहे, काठावर गर्दी आहे, लोक रांगेत आहेत. येशूही रांगेत आहे. त्याचा नंबर येतो, योहान बिचकतो, मग त्याला पाण्यात बुडवतो. तो वर येतो. केसांतून पाणी गळतं आहे. वरून काहीतरी कबुतरासारखं उतरतं. आणि एक आवाज येतो, आपल्या लाडक्या लेकाविषयी बापानं बोलावं तसा. त्रैक्य मानणारे शेकडो वर्षं या प्रसंगाकडे बोट दाखवत आले: पाहा, तिघे एका क्षणी. एकपण मानणारे म्हणतात: देव सर्वत्र आहे, एकाच वेळी तो बोलू शकतो, उतरू शकतो, देहात उभा राहू शकतो. दोघांचं ऐका आणि बाजूला ठेवा. काठावरच्या लोकांत उभे राहा. तिथे कुणी मोजत नाही. आवाजातली माया ऐका. ती ज्याच्यासाठी आहे त्याचा चेहरा पाहा. त्या चेहऱ्यावर काय उमटलं? जेवढा वेळ हवा तेवढा घ्या.

हा वाद आजही मिटलेला नाही, आणि तो पाण्याशीच जाऊन पोहोचला आहे. १९१३ साली कॅलिफोर्नियातल्या एका शिबिरात उपदेशकानं दाखवून दिलं की प्रेषितांच्या कृत्यांत बाप्तिस्मा येशूच्या नावानं दिलेला आहे. मत्तयाच्या शेवटच्या अध्यायात मात्र पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांचं नाव आहे. पेंटेकॉस्टल मंडळ्या यावरून फुटल्या, काही त्रैक्य मानणाऱ्या, काही एकपण मानणाऱ्या. १९१६ साली असेंब्लीज ऑफ गॉडनं त्रैक्याच्या बाजूनं निवेदन केलं, तेव्हा दीडशेच्या वर पाळक बाहेर पडले. त्यांचा वारसा सांगणाऱ्या मंडळ्या भारतातही आहेत. आमच्या नात्यातल्या एका कुटुंबानं येशूच्या नावानं पुन्हा बाप्तिस्मा घेतला, तेव्हा घरात बराच काळ अबोला होता. वडीलधाऱ्यांना वाटलं, आपला पहिला बाप्तिस्मा खोटा ठरवला. त्या कुटुंबाला वाटत होतं, आम्ही येशूला त्याचा पूर्ण मान दिला, यात राग कसला? दोन्हीकडे डोळ्यांत पाणी होतं, आणि दोन्हीकडे ते देवासाठीच होतं.

माझं मत विचाराल तर मी त्रैक्य मानतो. देव मुळातच एकटा नाही, त्याच्या आत आधीपासून प्रेम आहे, देणं आणि घेणं आहे, हे मला जगण्याला बळ देतं. पण ज्या दिवशी माझ्या प्रार्थनेत तीन नावं तीन ठिकाणी जाऊ लागतात, एकाकडे न्याय मागतो, दुसऱ्याकडे दया, त्या दिवशी मला एकपणवाल्यांची फार गरज पडते. ते मला ओढून परत आणतात. आणि ज्या दिवशी त्यांचा देव फार उंच, फार एकटा वाटू लागतो, तेव्हा गेथशेमाने बागेतला बाप आणि लेक यांच्यातला तो संवाद त्यांनाही लागत असेल.

आता शेवटची पायरी. तुमच्या ओळखीतला असा एक माणूस मनात आणा जो देवाला तुमच्यापेक्षा वेगळ्या नावानं हाक मारतो, आणि ज्याच्याशी या गोष्टीवरून तुमचं कधी बिनसलं आहे. ख्रिस्ती असेल, महानुभाव असेल, मुसलमान असेल, घरातलाच असेल. त्याच्या मुठीत काय आहे? ते सांडेल म्हणून त्याला कशाची भीती वाटते? त्याला उत्तर तयार करू नका. जमल्यास या आठवड्यात त्याच्याकडे जा आणि त्याच्या प्रार्थनेच्या वेळी शेजारी बसा. तो त्याच्या नावानं बोलेल. तुम्हाला जिथपर्यंत मनापासून ‘आमेन’ म्हणता येईल तिथपर्यंत म्हणा, आणि जिथे म्हणता येणार नाही तिथे गप्प बसा, पण उठू नका.